मुठीपासून सुरुवात

सप्टेंबर १९९१मध्ये इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, वितळत्या बर्फातून एका माणसाचा देह वर आला. कुणी हरवलेला गिर्यारोहक असावा असं आधी वाटलं. तपासणीत तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला. जवळच्या ओत्झ खोऱ्यावरून त्याला 'ओत्झी' हे नाव पडलं. त्याच्या सामानातल्या तांब्याच्या कुऱ्हाडीबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याच्याजवळचा चाकू अधिक मोलाचा वाटतो. मुठीसकट जेमतेम १३ सेंटिमीटर लांब. चकमकीच्या दगडाचं छोटं पातं, अ‍ॅश झाडाच्या लाकडाची मूठ आणि लिंडन झाडाच्या सालीच्या वाखाचं विणलेलं म्यान. सोबत एक लाकडी दांडी होती, तिच्या टोकात हरणाच्या शिंगाचा तुकडा ठोकून बसवलेला. पात्याची कड बोथट झाली की या शिंगाने दाबून तिच्या बारीक कपच्या उडवायच्या आणि खालची नवी धार वर आणायची. २०१८ साली त्याच्या दगडी हत्यारांचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध झाला. ती पुनःपुन्हा धार काढून वापरलेली, जवळजवळ संपत आलेली होती.

पातं, मूठ, म्यान आणि धारेचं साधन असा चार गोष्टींचा संच या माणसाने अंगावर बाळगला होता. आज छोटा चाकू घ्यायला निघालेला माणूस मात्र दोनच गोष्टी विचारतो: पातं किती इंची आणि पोलाद कुठलं. या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्यांचा नंबर बराच खाली लागतो. माझ्या मते आधी मूठ बघावी, मग पात्याची जाडी, मग म्यान. आणि हे तिन्ही मनासारखं जुळलं की मगच पोलादाचं नाव वाचावं. या क्रमामागची कारणं सांगण्यासाठी हे प्रकरण आहे.

छोटा चाकू म्हणजे इथे साधारण सहा ते दहा सेंटिमीटर पात्याचा, न मिटणारा, म्यानात राहणारा चाकू. ट्रेकिंगवाली मंडळी त्याला 'फिक्स्ड ब्लेड' म्हणतात. जिथे जिथे मोठं पातं रोजच्या वापरात आहे, तिथे हा छोटा त्याच्या सोबतीला असतोच. नेपाळी खुकरीच्या म्यानात मागच्या बाजूला दोन चिमुकली पाती खोचलेली असतात. त्यातलं 'चकमक' हे बोथट, खुकरीची धार सरळ करायला आणि ठिणगी पाडायला. दुसरं 'कर्दा', धारदार, सगळ्या बारीक कामांना. स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेला रेनडियर पाळणारे सामी लोक लाकूडफाट्यासाठी 'लेउकू' नावाचा वीतभर पात्याचा चाकू बाळगतात आणि त्याच्या जोडीला छोटा चाकू ठेवतात. कोकणात बागेत जाणारा माणूस कमरेच्या आकडीला कोयती अडकवतो, पण फणसाचे गरे मोकळे करायला किंवा सुंभ कापायला लहान सुरीच हातात घेतो. मोठ्या पात्याचं काम दिवसातून थोडा वेळ असतं. छोट्याचं काम दिवसभर चालतं.

मिटणारा चाकू खिशात सोपा जातो, हे खरंच आहे. पण त्याच्या बिजागरीत आंब्याचा रस, गूळ, पावाचा चुरा जाऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी ती करकरते. न मिटणारा चाकू नळाखाली धरला, फडक्याने पुसला की स्वच्छ. एका हातात दोर धरलेला असताना तो दुसऱ्या हाताने काढता येतो. जोर दिल्यावर बोटांवर मिटण्याची भीती नाही. जेवणाखाण्याला आणि लाकडाला हाच बरा, असं माझं ठाम मत आहे.

आता मुठीकडे येऊ.

मोठ्या माणसाचा तळवा चार बोटांवर मोजला तर साधारण आठ-नऊ सेंटिमीटर रुंद भरतो. मूठ त्याहून थोडी लांब हवी, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटर. तेवढी असली की चारही बोटं तिच्यावर बसतात आणि मागे थोडं लाकूड उरतं. छोटा चाकू करताना कारागीर पातं लहान करतात ते ठीक, पण त्याच मापाने मूठही लहान करतात, आणि इथेच बहुतेक छोटे चाकू वाया जातात. तीन बोटांची मूठ पार्सल उघडायला, फळ चिरायला चालते. बांबूची काठी अर्धा तास तासत बसलात तर करंगळी आधार शोधत राहते, सगळा ताण अंगठा आणि तर्जनीवर येतो आणि दमलेला हात घसरतो. हाताचं माप पात्याच्या मापाने बदलत नाही. फिनलंडच्या 'पुक्को' या पारंपरिक चाकूत हे शहाणपण मुरलेलं आहे. त्याचं पातं साधारण तळव्याच्या रुंदीएवढं असतं आणि मूठ निदान तेवढीच. नुसतं पाहिलं तर पातं बिचारं वाटतं. हातात घेतलं की समजतं, जोर लावायला जागा आहे.

मुठीचा छेद गोल नसावा, लंबगोल असावा. गोल मूठ ओल्या हातात फिरते आणि पात्याची धार कुठल्या दिशेला आहे हे बोटांना कळत नाही. लंबगोल मूठ अंधारात धरली तरी धारेची बाजू कळते. दुकानात चाकू हातात मिळाला तर डोळे मिटून मूठ धरा, सोडा, उलट धरा, अंगठा पाठीवर टेकवून धरा. यातल्या एखाद्या पकडीत तळव्याला कुठेही कड टोचली तर तो चाकू परत ठेवा. दुकानात जी कड नुसती जाणवते, ती अर्ध्या तासाच्या कामात फोड आणते. बोटांच्या खाचा पाडलेल्या मुठी दिसायला झोकदार असतात, पण त्या एकाच मापाच्या हाताला आणि एकाच पकडीला बसतात. चाकूचं काम तर पकड बदलत राहण्याचं आहे. म्हणून खाचांची मूठ मी कुणालाच सुचवत नाही.

मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडवणारा उंचवटा असावा का, यावर मतं दोन आहेत. पुक्कोला तो नसतो, कारण तिकडे हा चाकू मुख्यतः लाकूड तासायला वापरतात. तासताना हात पुढे घसरण्याचा प्रश्न फारसा येत नाही, उलट पुढचा उंचवटा मध्ये येतो. पण टोक खुपसायचं काम असेल, मासळी साफ करायची असेल, किंवा वापरणारा नवशिका असेल तर छोटासा उंचवटा हवाच. मासळीच्या खवल्यांनी बुळबुळीत झालेला हात मुठीवरून कधी पुढे सरकला हे कळतही नाही.

मुठीच्या आत पात्याची शेपटी किती शिरली आहे, याचा फार बाऊ केला जातो. शेपटी मुठीच्या पूर्ण रुंदीची आणि लांबीची, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि मध्ये रिव्हेटी, अशी रचना सगळ्यांत दणकट, यात शंका नाही. पण छोट्या चाकूवर एवढा जोर येतोच कुठे? पुक्कोची शेपटी पिढ्यान्‌पिढ्या बारीक आहे. ती लाकडाच्या पोटातून जाते आणि मागच्या टोकाला ठोकून पक्की करतात. त्या प्रदेशात याला आणखी एक कारण आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस-तीस अंश खाली जातो आणि उघड्या धातूची कड हाताला लागणं तिथे त्रासाचं असतं. लाकडाने चोहोबाजूंनी झाकलेली शेपटी हाताला गार लागत नाही. आपल्याकडे तो प्रश्न नाही, पण बारीक शेपटीमुळे वजन कमी राहतं आणि तोल मुठीत येतो, हा फायदा इथेही आहे.

पोकळ मुठीचा चाकू मात्र घेऊ नये. १९८२च्या 'फर्स्ट ब्लड' या चित्रपटात नायकाच्या हातात जिमी लाइल या अमेरिकन कारागिराने घडवलेला, पोकळ मुठीचा, पाठीवर करवतीचे दाते असलेला चाकू होता. लाइल हा निष्णात माणूस होता, त्याचं काम पक्कं होतं. त्यानंतर जगभर निघालेल्या स्वस्त नकला मात्र पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथेच तुटतात, कारण पोकळ नळीत शिरलेली शेपटी बोटभरसुद्धा नसते. मुठीतली होकायंत्र-काडेपेटी बघून पोरं हरखतात. त्यांना हे समजावून सांगणं मोठ्यांचं काम आहे.

आता जाडी. छोट्या चाकूच्या बाबतीत सगळ्यांत मोठा घोटाळा इथे होतो.

एक गाजर घ्या आणि चार मिलिमीटर जाड पाठीच्या, अरुंद पात्याच्या चाकूने ते आडवं कापा. धार तीन-चार मिलिमीटर निमूटपणे आत जाते. मग हाताला अडथळा जाणवतो, तुम्ही जोर वाढवता आणि 'टक्' असा आवाज होऊन गाजराची चकती पुढे उडते. कापलेली बाजू जवळून पाहा. वरचा थोडा भाग गुळगुळीत आहे, खालचा खरबरीत, तुटलेल्या खडूच्या टोकागत. तिथे गाजर कापलंच गेलं नाही, पात्याच्या खांद्यांनी ते पाचर ठोकल्यागत फोडलं. आता दोन मिलिमीटर जाडीचा चाकू घ्या. तो शेवटपर्यंत एका चालीत जातो आणि सगळी चकती ओलसर चकाकते. दोन्ही चाकूंची धार सारखीच तीक्ष्ण असू शकते. फरक धारेच्या मागे काय येतं यात आहे.

यामागे साधी भूमिती आहे. १८ मिलिमीटर रुंद पात्याचा उतार अर्ध्या रुंदीवरून, म्हणजे ९ मिलिमीटरवरून सुरू होत असेल आणि जाडी चार मिलिमीटर असेल, तर दोन्ही उतारांमधला कोन सुमारे २५ अंश होतो. तेच पातं दोन मिलिमीटर जाड असेल आणि उतार थेट पाठीपासून सुरू होत असेल, तर हा कोन साडेसहा अंशांच्या आत राहतो. धारेच्या टोकाला नंतर काढलेला बारीक उतार दोघांचा सारखा असला, तरी पदार्थातून सरकताना एकाला जाड पाचर ढकलत न्यावी लागते आणि दुसऱ्याला नाही.

जाड पातं लोक का घेतात? तुटेल, वाकेल या भीतीने. ही भीती मोठ्या चाकूबद्दल खरी आहे, छोट्याबद्दल नाही, आणि का नाही तेही गणितात दिसतं. एका टोकाला पक्की धरलेली पट्टी दुसऱ्या टोकाला दाबली तर ती किती वाकेल हे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणून रुंदी सारखी असेल तर १२ सेंटिमीटर लांब आणि चार मिलिमीटर जाड पट्टी, आणि सहा सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड पट्टी, सारख्या जोराला सारख्याच वाकतात. लांबी अर्धी केली की जाडीही अर्धी करायला मोकळीक मिळते. छोटा चाकू छोटा असल्यामुळेच पातळ असू शकतो. त्याला मोठ्या चाकूची जाडी देणं म्हणजे त्याचा हा मुख्य गुण काढून घेणं.

सहा-दहा सेंटिमीटरच्या पात्याला पाठीवर दीड ते अडीच मिलिमीटर जाडी पुरते. तीन ही माझी शेवटची मर्यादा. लाकडाचे ओंडके फोडायचे, डबे उचकटायचे, खिळे उपटायचे असतील तर त्यासाठी कोयता, कुऱ्हाड, पहार आहेत. त्यांची कामं या चाकूला सांगू नयेत.

जाडी ठरली की उतार. इथे स्वीडनच्या मोरा गावाची गोष्ट सांगायला हवी. दालार्ना प्रांतातलं हे गाव आणि त्याचा परिसर चाकूसाठी शतकांपासून ओळखला जातो. १८९१ साली फ्रोस्ट एरिक एर्सन हा अमेरिकेतून परतलेला माणूस इथे लाकूड वाहणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढतो, त्यात चाकूही बनू लागतात, आणि त्यातूनच आजचा 'मोराक्निव' हा कारखाना उभा राहिला. बर्च लाकडाची तांबडी मूठ आणि साधं सरळ पातं असलेला मोरा चाकू स्वीडनमध्ये सुतारापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या हातात दिसतो. त्याच्या पात्याच्या बाजू पाठीपासून सपाट खाली येतात आणि धारेच्या थोडं वर दोन्हीकडे एकेकच रुंद उतार सुरू होतो, तो थेट धारेपर्यंत जातो. अडीच मिलिमीटर जाडी आणि २५ अंशांचा कोन धरला तर हा उतार सुमारे पावणेसहा मिलिमीटर रुंद भरतो. याला स्कँडी उतार म्हणतात.

त्याचा मोठा गुण धार लावताना कळतो. निसण्यावर पातं ठेवलं की तो रुंद उतार दगडावर आपोआप टेकतो. दोन बोटांनी त्यावर दाब द्यायचा आणि पातं सरकवायचं. कोन अंदाजाने धरायचा प्रश्नच नाही. लहान मुलालाही हे दहा मिनिटांत शिकवता येतं आणि तिकडे ते शाळेत शिकवतातही. फिनलंडमध्ये १८६६ साली उनो सिग्नेअसच्या पुढाकाराने प्राथमिक शाळेत हस्तकलेला सक्तीच्या विषयाचं स्थान मिळालं. स्वीडनमध्ये ऑटो सालोमनने नेस इथे हस्तकलेच्या शिक्षकांसाठी विद्यालय चालवलं, तिथे परदेशांतूनही शिक्षक शिकायला जात. 'स्लॉइड' नावाच्या या शिक्षणात मुलाच्या हाती सुरुवातीलाच जी हत्यारं येत, त्यात चाकू होता. मुलाच्या हातात खरा, धारदार चाकू द्यायचा आणि तो नीट वापरायला शिकवायचं, यातला मुलावरचा विश्वास मला फार मोठा वाटतो. आपल्या शाळांतून कार्यानुभवाचा तास कागदकामावर येऊन थांबला, याची खंत त्यामुळेच वाटते.

स्कँडी उताराचा दोषही आहे. लाकडात आणि बांबूत तो अप्रतिम चालतो, कारण रुंद उतार लाकडावर टेकून रंध्यागत दिशा धरतो. पण कांदा-बटाट्यात त्याच्या खांद्यापाशी अडखळायला होतं. ज्याला चाकू मुख्यतः खाण्यापिण्यासाठी हवा आहे त्याने पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळतं होत जाणारं पातं घ्यावं. त्याला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, ते थोडं सरावाचं काम आहे. दोन्ही कामं निम्मी-निम्मी असतील तर दोन मिलिमीटर जाडीचा स्कँडी हा चांगला तोडगा. मोराच्याच 'एल्ड्रिस' या छोट्या चाकूचं पातं ५९ मिलिमीटर आणि जाडी दोन मिलिमीटर आहे. मुठीसह लांबी १४३ मिलिमीटर. मूठ आखूड असली तरी जाडजूड, पिंपाच्या आकाराची केली आहे, त्यामुळे तळवा भरतो. छोट्या चाकूची मूठ लहान करावीच लागली तर ती कशी करावी, याचा हा चांगला नमुना आहे.

म्यानाकडे कुणी बघत नाही आणि अपघात मात्र तिथेच होतात. चाकू कापत असताना तुमचं लक्ष त्याच्याकडे असतं. तो कमरेला असताना नसतं. म्यान उलटं धरून जोरात हलवा. चाकू निसटला तर म्यान बाद. मग तो एका हाताने काढून, न बघता परत घालून पाहा. बटणाचा बंद असेल तर चाकू घालताना बंद धारेच्या वाटेत येतो का, तेही तपासा. बरेच बंद पहिल्या महिन्यातच अर्धे कापले जातात.

पुक्कोचं चामडी म्यान खोल असतं. मुठीचा निम्मा भाग आत जातो आणि चामड्याच्या घट्टपणानेच चाकू राहतो, बंद लागत नाही. चांगल्या चामडी म्यानात शिवणीच्या आतल्या बाजूला चामड्याची आणखी एक पट्टी घातलेली असते, म्हणजे धार टाक्यांना न लागता त्या पट्टीला लागते. ही पट्टी नसेल तर टाके कधीतरी कापले जाणार आणि पातं शिवणीतून बाहेर डोकावणार. म्हणूनच चाकू काढताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत आवळू नये. बोटं सपाट बाजूंवर ठेवावीत. चामड्याचा आणखी एक प्रश्न आपल्या हवामानाचा आहे. ते पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात चामडी म्यानात ठेवलेल्या पात्यावर चार दिवसांत ठिपके येतात. कोकणात किंवा घाटमाथ्यावर वापरायचं असेल तर साध्या प्लॅस्टिकचं किंवा कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं म्यान घ्यावं आणि त्याच्या तळाला पाणी निघून जायला भोक आहे का ते बघावं. चामडं आवडतच असेल तर चाकू वापरण्यापुरता त्यात ठेवून घरी आल्यावर बाहेर काढावा. गळ्यात दोरीने अडकवायचे छोटे चाकूही मिळतात. ती दोरी झटका बसल्यावर सुटणारी नसेल तर ते गळ्यात घालू नयेत.

पोलादाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त वाद होतात. मुख्य निवड एकच आहे: गंजणारं की न गंजणारं. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी कशी होईल ते शोधत होता. क्रोमियमचं भरपूर प्रमाण असलेलं त्याचं पोलाद गंजत नाही असं त्याच्या ध्यानात आलं आणि लवकरच त्याचे जेवणाच्या टेबलावरचे चाकू निघाले. आज छोट्या चाकूत सर्रास वापरलं जाणारं '१२सी२७' हे स्वीडिश पोलाद त्याच घराण्यातलं: कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम सुमारे साडेतेरा टक्के. दुसऱ्या बाजूला '१०९५' सारखं साधं कार्बन पोलाद: कार्बन जवळजवळ एक टक्का, क्रोमियम नावालाही नाही. ते निसण्यावर झटपट घासलं जातं आणि धार सुरेख घेतं, पण कैरी चिरली की काही मिनिटांत काळं-निळं पडतं. तो काळेपणा म्हणजे गंज नव्हे. उलट तो थर जमला की पुढचा गंज थोडा मंदावतो. तांबूस ठिपका आला तर तो गंज, आणि तो लगेच घासून काढावा. खाऱ्या हवेत राहणाऱ्याने, आणि चाकू धुऊन तसाच टाकण्याची सवय असणाऱ्याने न गंजणारंच घ्यावं. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ६० दरम्यान असला की छोट्या चाकूला पुरे. नक्षीदार लाटांचं 'दमास्कस' म्हणून जे विकलं जातं, त्यातली नक्षी आम्लाने उठवलेली असते. ती सुंदर असू शकते, पण धार टिकेल की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही.

चाकू घेऊन कुठे जायचं, हेही निवडीतच येतं. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत. घरगुती, शेतीची आणि उद्योगातली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला छोटा चाकू या मापाच्या खूप खाली राहतो. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीला ठिकठिकाणी मनाई आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक जागी सुरे, काठ्या बाळगायलाही बंदी असते. ट्रेकर मंडळींनी आणखी एक कायदा नीट वाचावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२मध्ये 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकू आहे आणि कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, कोयना हे सगळे परिसर अभयारण्यांत येतात. विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकावा लागतो. आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने लक्षात ठेवावं: तिथे तीन इंचांपर्यंतच्या, कुलूप न लागणाऱ्या, मिटणाऱ्या चाकूला सूट आहे, पण न मिटणारा चाकू कितीही लहान असला तरी सार्वजनिक जागी बाळगायला रास्त कारण दाखवावं लागतं.

तयार चाकूच घ्यायला हवा असं नाही. गावाकडचा लोहार गाडीच्या कमानपाट्याच्या पोलादापासून कोयते, विळे करतो, तो छोटा चाकूही करून देईल. ते पोलाद चिवट असतं. पाणी नीट दिलं असेल तर धारही चांगली धरतं. फक्त सांगताना 'छान छोटा चाकू करा' एवढं म्हणू नये, कारण कोयत्याच्या सवयीने तो चार-पाच मिलिमीटर जाड पातं हातात ठेवेल. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा किंवा लाकडाच्या फळीचा पूर्ण मापाचा नमुना कापून न्यावा. आपल्या तळव्यावर ठेवून मुठीची लांबी ठरवावी, पातं आठ सेंटिमीटरचं काढावं आणि पाठीची जाडी अडीच मिलिमीटर असं नमुन्यावरच लिहावं. मुठीला बाभळीचं किंवा शिसवाचं जून, वाळलेलं लाकूड सांगावं. चाकू हातात आला की नवी कानस धारेजवळ हलकेच फिरवून बघावी. ती नुसती घसरली तर पाणी बरोबर बसलं आहे. चावली आणि किस निघाला तर पातं मऊ राहिलं आहे, ते परत भट्टीत घालायला सांगावं.

मग गाजर चिरून बघावं. ते तडकलं तर बाजू आणखी पातळ करून घ्याव्या लागतील. हे काम ग्राइंडरवर होतं तेव्हा तिथेच उभं राहावं आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगावं. पातळ धार क्षणात तापते. पोलाद २२०-२३० अंशांच्या आसपास गवताळ पिवळं दिसू लागतं, तिथपर्यंत बिघडत नाही. ३००च्या जवळ ते निळं होतं, आणि तेवढ्या भागाचा कडकपणा उतरलेला असतो. धारेच्या कडेला निळी रेघ दिसली तर तेवढी कड निसण्यावर पाण्यात घासून पूर्ण काढून टाकावी, खालच्या पांढऱ्या पोलादापर्यंत, आणि मगच त्या चाकूला पहिली खरी धार लावावी.